सण दाराशी, दुखवटा घरात

मराठीतला 'सण' हा शब्द संस्कृतमधल्या 'क्षण' या शब्दावरून आला. क्षण म्हणजे पळभराचा काळ आणि क्षण म्हणजे आनंदाचा प्रसंगही. 'ईद' हा शब्द अरबी. पुन्हा पुन्हा परतून येणारी गोष्ट, असा त्याचा अर्थ सांगतात. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. सण क्षणाचा असतो आणि दरवर्षी परत येतो. अडचण एवढीच की सण परत येतो, गेलेलं माणूस परत येत नाही. मागच्या वर्षी ज्या घरात पाच ताटं वाढली होती, तिथं यंदा चार वाढायची असतात. एरवी कामाच्या रगाड्यात दुःख थोडं बाजूला सरकतं. सणाच्या दिवशी मात्र ते समोर येऊन बसतं.

अशा घरानं सण करायचा की नाही? आणि केला तर कसा करायचा? हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनाही तो पडला होता आणि त्यांनी आपल्या परीनं त्याची उत्तरं शोधून ठेवली होती. त्याचाच थोडा इतिहास मी आज सांगणार आहे. हा राजेरजवाड्यांचा इतिहास नाही. तो आपल्या उंबऱ्याच्या आतला, चुलीजवळचा इतिहास आहे. त्यातली काही उत्तरं फार शहाणपणाची आहेत. काही फार क्रूरही आहेत. दोन्ही सांगायला हवीत.

आधी पंचांगाकडे पाहू. दिवाळी म्हणजे आनंदाचा सण असं आपण म्हणतो. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घराबाहेर एक दिवा लावतात, त्याचं तोंड दक्षिणेला असतं. एरवी दिव्याचं तोंड दक्षिणेला करू नये म्हणतात, त्या दिवशी मुद्दाम करतात. तो दिवा यमासाठी असतो. आणि दिवाळी संपते भाऊबिजेला. तिचं शास्त्रातलं नाव यमद्वितीया. या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला अशी कथा आहे. म्हणजे फटाके आणि फराळाच्या या सणात सुरुवातीला यमासाठी दिवा आहे आणि शेवटी यमासाठीच ताट आहे. मरणाला दाराबाहेर हाकलून सण करावा असं आपल्या पूर्वजांना वाटलेलं दिसत नाही. त्यांनी त्याला सणातच एक जागा दिली.

असंच इतर ठिकाणीही दिसतं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांचं स्मरण होतं, सर्वपित्री अमावास्या होते आणि साधारणपणे दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आधी गेलेल्यांना जेवायला घालायचं, मग देवीला बसवायचं. आमच्याकडे शाबान महिन्यात शब-ए-बारात येते. कब्रस्तानातलं गवत काढतात, कबरींवर फुलं वाहतात, अगरबत्त्या लावतात, घरात हलवा करून फातेहा देतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी रमजान. ईदची नमाज झाली की आमच्या भागातले बरेच लोक ईदगाहवरून आधी कब्रस्तानात जातात आणि मग घरी येऊन शीरखुर्म्याची वाटी तोंडाला लावतात. लहान मुलंही नव्या कपड्यांत बापाचं बोट धरून येतात. आजोबा इथं आहेत, हे त्यांना ईदच्याच दिवशी कळतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मरणाचाच सण करणं. 'उर्स' या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. सूफी संताची पुण्यतिथी ही त्याच्या आत्म्याच्या परमेश्वराशी झालेल्या मीलनाची तिथी, म्हणून ती लग्नासारखी साजरी करायची. परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उर्स दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो आणि त्याला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी भरते, तीही एका वियोगाचीच यात्रा. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग आजही गायले जातात. नामदेवांचं गाव म्हणून मानलं जाणारं नरसी १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, आता ते हिंगोली जिल्ह्यात आहे. मित्र गेला म्हणून रडणारा एक संत आणि ते रडणं सातशे वर्षं टाळमृदंगावर गाणारा समाज, असं हे नातं आहे.

आणि मोहरम. तो सणच नव्हे, तो शोक आहे. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसैन आणि त्यांचे सोबती तहानलेले मारले गेले, त्याची आठवण आहे. पण मराठवाड्यातल्या खेड्यांत त्या शोकाला जत्रेचं रूप आलं. सवाऱ्या बसतात, पंजे निघतात, डफ वाजतात. कितीतरी गावांत सवारीची सेवा हिंदू घरांकडे असते. ते तहानलेले गेले म्हणून वाटेवर सरबत वाटतात. घरोघरी गुळाचे चोंगे होतात. मौलवी मंडळी या प्रकाराला नावं ठेवतात, त्यांचं त्यांच्यापाशी. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेराशे वर्षांपूर्वीच्या, हजारो कोसांवरच्या एका घरातलं दुःख गावानं आपल्या खांद्यावर घेतलं.

खांद्यावर घेणं, हीच या सगळ्याची किल्ली आहे. दुखवट्याचा सण घरच्यांनी करायचा नसतो, तो शेजाऱ्यांनी करायचा असतो. आपल्या रूढींचा अर्थ नीट लावला तर असाच निघतो.

इसवी सन ६२९ मध्ये मुता इथल्या लढाईत पैगंबरसाहेबांचे चुलतभाऊ जाफर मारले गेले. बातमी मदीनेत आली तेव्हा पैगंबरसाहेबांनी लोकांना सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी स्वयंपाक करा, त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना स्वतःचं काही सुचणार नाही. ही हदीस प्रसिद्ध आहे. तिच्यापासूनच मरणाच्या घरी जेवण पोचवण्याची आमची रीत धरतात. आणि मराठी मुलखात काय होतं? ज्या घरात मयत झाली तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंबळं दोन घास खायला लावतात. त्याला 'कडू घास' म्हणतात. पुढं दिवस झाले की गोड जेवण होतं, सोयरे तोंड गोड करतात. कडू घासही दुसऱ्याच्या हातचा आणि गोड घासही दुसऱ्याच्या हातचा. मदीना आणि मराठवाडा यांच्यात किती अंतर आहे ते नकाशात पाहा. भाकरीच्या हिशेबात मात्र ते फारसं नाही.

पहिल्या दिवाळीचंही तसंच. दुखवट्याच्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही. आकाशकंदील लागत नाही, दारात रांगोळी पडत नाही. पण म्हणून त्या घरातली पोरं फराळावाचून राहतात असं नाही. ताटं बाहेरून येतात.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, येलदरीत पाहिलेलं आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. चार किलोमीटरहून लांब भिंत, पायथ्याशी वीजघर आणि जवळ कामगारांची वसाहत. धरणाच्या कामावर ठिकठिकाणची माणसं आली होती. कोणाचं गाव कुठं, कोणाचं कुठं. अशा वस्तीत माणूस गेलं तर भावकी यायला दोन दिवस लागत. तेवढ्यात सगळं करायचं ते शेजाऱ्यांनी. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंकडून दर दिवाळीला आमच्याकडे फराळाचं ताट येई आणि ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याची बरणी जाई. एका वर्षी श्रावणात काका गेले. दिवाळी आली, मी ताटाची वाट पाहत होतो. तर अम्मीनंच बेसन भाजायला घेतलेलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उनके घर कढाई नै चढती इस साल. अपने घर की चढेगी." त्या वर्षी ताट उलट्या दिशेनं गेलं. लाडू जरा कडक झाले होते. काकूंनी रुमाल बाजूला केला, एक लाडू मुलाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाभी, यांना बेसनाचेच आवडायचे." मग दोघी रडल्या. नंतर दोघी चहा प्यायल्या. ते घर त्या वर्षी दिवाळीवाचून राहिलं नाही आणि त्या घरानं दिवाळी केली असंही झालं नाही.

धरणानं आणखीही एक दुःख आमच्या भागाला दिलं. नदीकाठची जमीन आणि वस्ती पाण्यात जाते तेव्हा तिथल्या समाध्या आणि कबरीही पाण्यात जातात. उठून गेलेल्या माणसांनी सणाच्या दिवशी फुलं वाहायची कुठं? मी लहानपणी म्हातारी माणसं धरणाच्या काठाशी येऊन पाण्यात फुलं सोडताना पाहिली आहेत. त्यांतला कोण हिंदू आणि कोण मुसलमान हे फुलांवरून कळत नसे.

आता दुसरी बाजू. शोकाचे नियम आधारासाठी केले होते, पण नियमाची बेडी व्हायला वेळ लागत नाही. अनेक घरांत अशी समजूत आहे की ऐन सणाच्या दिवशी माणूस गेलं तर तो सण त्या घराला वर्ज्य होतो. पिढ्यान् पिढ्या ते घर पोळा करत नाही किंवा दसरा करत नाही. पण याच समजुतीत एक फट ठेवलेली आहे. पुढं कधी त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तर सण पुन्हा सुरू करता येतो. मला ही फट फार आवडते. कोणी नेला तो सण एखादं वासरू परत आणून देतं. आमच्याकडेही शोकाला मुदत आहे. इतरांसाठी तीन दिवस, पत्नीसाठी चार महिने दहा दिवस. स्वतःचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. रडायला बंदी नाही, मात्र शोकाला शेवट आहे.

एका माणसासाठी मात्र आपण कसलीच फट ठेवली नाही, ती म्हणजे विधवा. तिच्यासाठी प्रत्येक सण दुखवट्याचा, आणि तोही मरेपर्यंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं नाही, ओटी भरायची नाही, मंगलकार्यात पुढं येऊ द्यायचं नाही. १४ जानेवारी १७६१, पानिपत. आज ज्या तारखेला बहुधा संक्रांत येते तीच ही तारीख. त्या एका दिवसानं महाराष्ट्रात किती घरं उघडी पडली! सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत सोबत होत्या आणि कशाबशा परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी कधीच मानलं नाही. १७६३ मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी सौभाग्याची चिन्हं उतरवली नाहीत. इतिहासकार याला भ्रम म्हणोत की निष्ठा म्हणोत. त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या म्हणून त्यांना हे जमलं, एवढं खरं. त्याच रणात ज्या शिलेदारांचे, बारगिरांचे, बाजारबुणग्यांचे प्राण गेले, त्यांच्या बायकांना कोणी विचारलं नसणार.

धोंडो केशव कर्व्यांनी हे ओळखलं. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढं हिंगण्याच्या त्यांच्या संस्थेनं लोकांकडून मदत मागितली ती 'भाऊबीज' म्हणून. कार्यकर्ते दारोदार जाणार आणि घरातल्या माणसानं अनोळखी बहिणीच्या ताटात ओवाळणी टाकायची. सणाच्या दिवशी जिला घरानं मागच्या खोलीत बसवलं होतं, तिच्यासाठी सगळ्या महाराष्ट्रातून भाऊ शोधायचा. सणाचाच धागा धरून रूढीवर तोड काढण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तरीही काम संपलं नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग धरायला सांगितलं. म्हणजे कर्व्यांच्या पुनर्विवाहानंतर १२९ वर्षांनी! पण ठराव कागदावर होतो आणि हळदीकुंकू दारात होतं. शेजारणीनं हाक मारली तरच त्या ठरावाला अर्थ.

शेजारी सण करतात हे खरं, पण शेजारीच उरले नाहीत तर? ही वेळही मराठवाड्यानं पाहिली. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, थकून माणसं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्याकडेही त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली आणि येलदरीतल्या प्रत्येकाच्या मनात पहिला विचार धरणाच्या भिंतीचा आला. मी तेव्हा विशीत होतो. नंतर बातम्या येऊ लागल्या तसं कळलं की तिथं कडू घास घेऊन जायला शेजारच राहिलेला नाही. एकेका गल्लीत कोणी कोणाला सावरायचं? तेव्हा गावागावांतून भाकरी गेल्या. फडक्यात बांधलेल्या, चटणी घातलेल्या भाकरी. दीड महिन्यानं, नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी आली. भूकंपग्रस्तांची ती दिवाळी उघड्यावरची आणि तात्पुरत्या निवाऱ्यातली होती. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. गणपती पुढच्या वर्षीही आला. विसर्जनाची मिरवणूक आणि मरणाची आठवण त्या गावांत एकमेकींना चिकटूनच राहिली असणार. ३० सप्टेंबरला तिथं स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात. सण जवळ आले की मरणाची तारीखही जवळ येते.

आणि दुसरी वेळ करोनाची. १४ मे २०२१ या एकाच दिवशी ईदही होती आणि अक्षय तृतीयाही. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आमरसाचं जेवण करतात. दुसरी लाट भरात होती. ईदगाह बंद, दारं बंद, मयतीला मोजकी माणसं. कितीतरी घरांत त्या वर्षी पहिली घागर नुकत्याच गेलेल्या तरण्या माणसासाठी भरली गेली आणि कितीतरी घरांत ईदची नमाज भिंतीकडे तोंड करून एकट्यानं झाली. एकाच तारखेला हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतली माणसं आपापल्या गेलेल्यांची नावं घेत होती आणि कोणाला कोणाच्या दारात जाता येत नव्हतं. त्या वर्षीचं दुःख अजून पुरतं उतरलेलं नाही, याचं कारण मला इथं दिसतं. जेवणाचं ताट त्या वर्षी शेजारच्या दारापर्यंत पोचू शकलं नाही.

मग आज काय करावं? सांगण्यासारखं फार नाही. आजकाल दुखवट्याच्या घराला सणाच्या दिवशी कोणी फोन करत नाही. शुभेच्छा कशा द्यायच्या, असा संकोच वाटतो. शुभेच्छा देऊ नका, पण जा. सणाच्या आदल्या दिवशी गेलात तर अधिक बरं. काहीतरी खायला घेऊन जा, विकतचं असलं तरी चालेल. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. घरच्यांना त्याचा विसर पडलेला नसतो, तुम्हाला पडला की काय ही त्यांना भीती असते. त्यांनी रांगोळी काढली नाही तर का नाही म्हणू नका आणि काढली तर इतक्यात कशी म्हणू नका. पोरांना फुलबाजी द्या. त्या घरात बाई एकटी राहिली असेल तर संक्रांतीला तिला बोलावणं करा आणि पहिलं वाण तिच्या हाती द्या.

येणाऱ्या सणाला संध्याकाळी आपल्या गल्लीतून एक फेरी मारा. कोणत्या दारात यंदा दिवा नाही, एवढं फक्त पाहा. घरातली कढई उतरवण्याआधी चार करंज्या जास्तीच्या तळा, चार वाट्या शीरखुर्मा जास्तीचा करा. ताट झाकून न्या आणि परत येताना ते रिकामं आणण्याची घाई करू नका.